पायऱ्या मोजताय? मग आधी काय मोजायचं ते ठरवा

‘जिन्याच्या पायऱ्या विषमच हव्यात, सम असल्या की घरात आजारपण.’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. शेपटीला आणखी चार कलमं आहेत: जिना उजवीकडेच वळावा, त्याच्याखाली संडास नको, पायऱ्या उंच असल्या की आपोआप व्यायाम होतो, आणि मापंबिपं ही इंजिनिअर लोकांची फॅडं. मी नकाशे काढून पोट भरतो, असले मेसेज वाचून सोडून देतो. पण आत्याने तो कराडला माझ्या धाकट्या भावाला धाडला. तोवर त्याच्या नव्या घराचा जिना ओतून झाला होता. पायऱ्या 18, म्हणजे सम.

मिस्त्रीने तोडगा काढला. तळाच्या पायरीपुढे साडेतीन इंचाची एक पायरी बांधली, वर खालच्या फरशीच्याच रंगाचा ग्रॅनाइट. झाल्या 19! वास्तुशांत झाली आणि आठव्या दिवशी आई तिथेच पडली. पाय मुरगळण्यावर निभावलं, हे नशीब.

हे कसं झालं ते बघा. वरून उतरताना पायाला 17 वेळा सात-सात इंचांची सवय लागते. नंतर पाय पायरी बघत नाही, हिशेबाने पडतो. शेवटी सात इंचांऐवजी साडेतीनवरच काहीतरी टेकलं, आईला वाटलं जमीन आली, तिने पुढचं पाऊल चालल्यासारखं टाकलं. जमीन आणखी साडेतीन इंच खाली होती. एकाच जिन्यात पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या ठेवणं हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो इथे मुद्दाम, आजारपण टाळायला केला.

बरं, विषम म्हणजे काय मोजून? भावाच्या मूळ जिन्यात चढ (म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू) 18 आहेत, पण पाय ठेवायच्या जागा मधलं लँडिंग धरून 17, कारण शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर जातो. म्हणजे जिना आधीच विषम होता! मेसेज लिहिणाऱ्याला हे दोन आकडे वेगळे असतात हेच ठाऊक नाही. ‘उजव्या पायाने सुरुवात, उजव्यानेच शेवट’ म्हणाल, तर लँडिंगवर दोन पावलं टाकता की तीन, यावरच तो हिशेब कोलमडतो.

विषमच हव्या असतील तर माझी हरकत नाही, हेही सांगून टाकतो. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच. त्याचे 19 सारखे भाग केले तर पायरी साडेसहा इंचांच्या जरा वर जाते, उलट आईच्या गुडघ्यांना बरी. पण हे नकाशावर, सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागायच्या आधी. काँक्रीट ओतल्यावर नाही.

व्यायामाचं कलम वाचून तर डोकंच फिरलं. म्हणे वाड्यांत, गडांवर उंच पायऱ्या होत्या म्हणून माणसं धडधाकट. वाड्यातला जिना भिंतीच्या जाडीत कोंबलेला असायचा, जागा नाही म्हणून उभा, आणि धरायला वरून दोर लोंबत असायचा, तो काय शोभेला? रायगडावर रोपवे कशाला केला मग? आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी 250 मिलिमीटर सांगितली आहे. इतर इमारतींना 150 आणि 300. फॅड म्हणावं तर सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लाँडेल या वास्तुकारानेही हेच मांडलं होतं: दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं. आज ते साधारण 60 ते 65 सेंटिमीटर धरतात. भावाच्या जिन्यात 7 अधिक 7 अधिक 10, म्हणजे 24 इंच, जवळजवळ 61 सेंटिमीटर. मूळ जिन्यात काहीही चूक नव्हती.

उजवं-डावं वळण जागेप्रमाणे ठरवा, फक्त वळणावर तिकोनी पायऱ्या घालू नका, आतल्या टोकाला पाऊल मावत नाही. जिन्याखालच्या संडासाचं मात्र अर्धं मान्य. तिथे उभं राहिलं की डोकं आपटतं आणि हवाही येत नाही. यात वास्तुदोष शोधायची गरज नाही.

भाऊ ती पायरी फोडायला तयार आहे, आत्या नाही. तोवर आईने नातवाकडून त्या पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावून घेतली आहे.