मीठ, पाणी, बॅटरी आणि ‘फुकट इंधन’

सगळीकडे जो व्हिडिओ फिरतोय त्यात थोडक्यात असं सांगतात: पाण्यात चमचाभर मीठ टाका, 12 व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी सोडा, शुद्ध हायड्रोजन-ऑक्सिजन मिळतो, तो इंजिनात सोडा, पेट्रोल निम्मं लागेल, आणि धोका शून्य कारण जळून शेवटी पाणीच होतं.

‘शुद्ध हायड्रोजन-ऑक्सिजन’: निगेटिव्हला हायड्रोजन येतो, त्यात वाद नाही. घोळ पॉझिटिव्हला आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड, त्यामुळे तिथं ऑक्सिजनपेक्षा क्लोरीनच जास्त सुटतो, काही पाण्यात मुरून ब्लीचसारखं पाणी होतं आणि उरलेला थेट तुमच्या नाकात, स्विमिंग पूलवर येतो तोच वास. हे वायरींच्या टोकांना ग्रॅफाइटच्या कांड्या असतील तर. तांब्याची वायर असेल तर ती वायरच विरघळायला लागते, पाणी हिरवट गढूळ होतं आणि खाली कमेंट्स काय, तर ‘जबरदस्त रिअ‍ॅक्शन’! शाळेत हायड्रोजन दुप्पट आणि ऑक्सिजन एकपट दाखवतात ना, ते पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून, मीठ घालून नाही.

‘पेट्रोल निम्मं’: एका सेलमधून (म्हणजे पाण्यात दोन कांड्या सोडलेलं एक भांडं) 10 अँपिअर करंट तासभर सोडला तर हायड्रोजन येतो साधारण 4 लिटर. तासाला! सहा सेल सिरीजमध्ये लावा, सहापट धरा, तरी 1.2 लिटरचं इंजिन पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर 2000 आरपीएमला मिनिटाला हजारेक लिटर हवा ओढतं, त्यात हे कुठं पुरणार? बरं वीज येते अल्टरनेटरकडून (गाडीतला वीज बनवणारा भाग), अल्टरनेटर फिरतो इंजिनाच्या बेल्टवर, आणि इंजिन पेट्रोलवर. कारखान्यातल्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरलाही (विजेनं पाणी फोडणारं यंत्र) 1 किलो हायड्रोजनसाठी 50 युनिटच्या आसपास वीज लागते, जाळल्यावर हाती येतात 33 युनिट, आणि त्यातलाही बराचसा भाग इंजिन उष्णता म्हणून उडवून टाकतं. मग फायदा नेमका कुठून आला?

‘धोका शून्य’: पाणी होतं ते जळून झाल्यावर, भडका त्याच्या आधीचा असतो भाऊ. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की पेट घेतो, बारीकशी ठिणगी पुरते. आणि व्हिडिओत तर दोन्ही गॅस एकाच बरणीत, वर घट्ट झाकण, म्हणजे जाळायला लागणारा ऑक्सिजन आतच तयार. नळीच्या टोकाला काडी लावली की ज्योत उलटी आत पळते आणि बरणी फुटते.

बुडबुडे बघायचेच असतील तर मिठाऐवजी धुण्याचा सोडा घाला, ग्रॅफाइटच्या कांड्या घ्या, भांडं उघडं ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि काडीपेटी दुसऱ्या खोलीत.