वासरांत लंगडी गाय? अ‍ॅन्सन डोरन्स यांच्या विजेतेपदांवरचा आक्षेप

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (तिकडच्या भाषेत सॉकरचा) विषय निघाला, त्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचं नाव आलं, की एक ठरलेला आक्षेप हमखास पुढे येतो. तो असा: अ‍ॅन्सन डोरन्स यांचे विक्रम कागदावरचे आहेत. त्यांच्या काळात मुलींचे संघच नव्हते. होत्या त्यातल्या सगळ्या चांगल्या मुली त्यांच्याकडे जायच्या. त्यांनी मुलींना मुलांसारखं रगडलं, एवढंच काय ते कसब. आणि खरी स्पर्धा सुरू झाली तेव्हा, म्हणजे २०१२ नंतर, त्यांना एकही विजेतेपद मिळालं नाही. थोडक्यात, वासरांत लंगडी गाय शहाणी.

डोरन्स यांची ओळख नसलेल्यांसाठी: १९७९ ते २०२४ या काळात ते चॅपल हिलच्या, म्हणजे हे विद्यापीठ जिथे आहे त्या गावच्या, या संघाचे प्रशिक्षक होते. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची २१ विजेतेपदं, त्याआधी १९८१ मध्ये एआयएडब्ल्यू या महिला खेळांच्या तेव्हाच्या संघटनेचं एक, आणि ९०० हून अधिक विजय. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते. त्यांचा जन्म १९५१ चा, तोही मुंबईतला. पण त्यावरून त्यांना ‘आपला माणूस’ म्हणून मिरवण्यात काही अर्थ नाही. वडील अमेरिकन, तेल कंपनीत नोकरीला. बदल्या होत गेल्या तसं पोराचं बालपण इथिओपिया, केनिया, सिंगापूर, बेल्जियम असं फिरत गेलं.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

‘तेव्हा संघच नव्हते’

यातलं अर्धं खरं आहे, आणि ते आधीच मान्य करते. १९८२ च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत फक्त १२ संघ होते. सुरुवातीच्या विजेतेपदांचा मार्ग आजच्यापेक्षा आखूड होता, यात वाद नाही. पण मग हिशेब पूर्ण मांडा ना. २००१ पासून ही स्पर्धा ६४ संघांची झाली, आणि त्यानंतर डोरन्स यांच्या संघाने २००३, २००६, २००८, २००९ आणि २०१२ अशी पाच विजेतेपदं जिंकली. २००३ मध्ये तर २७ पैकी २७ सामने. २००८ च्या अंतिम सामन्यात समोर आलेल्या नोत्र दाम विद्यापीठाने त्या मोसमात तोवर सगळे २६ सामने जिंकले होते. २००९ मध्ये स्टॅनफर्डने २५ पैकी २५. दोघांचीही घोडदौड नॉर्थ कॅरोलायनानेच थांबवली. ही वासरं होती, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

बरं, सुरुवातीचा काळ तरी एवढा सोपा होता का? १९८५ चा अंतिम सामना जॉर्ज मेसन विद्यापीठाने २-० असा जिंकला. १९९० मध्ये कनेटिकटने हरवलं तेव्हा १०३ सामन्यांची अपराजित मालिका तुटली, आणि त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात त्याच कनेटिकटला ६-० ने हरवून नॉर्थ कॅरोलायनाने परतफेड केली. १९९४ मध्ये नोत्र दामने ०-० अशी बरोबरी साधून सलग ९२ विजयांची मालिका मोडली. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत, चॅपल हिलच्याच मैदानावर, स्वयंगोलामुळे नोत्र दामकडूनच १-० अशी हार पत्करावी लागली आणि सलग नऊ विजेतेपदांचा सिलसिला संपला. विरोधी संघच नव्हते, तर मग हे पराभव केले कुणी?

शैक्षणिक संस्थांमध्ये मुलींना खेळातही समान संधी देणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा. तो लागू झाला त्या दिवशी रस्ता सगळ्याच विद्यापीठांना खुला झाला. पैसा, मैदानं, नाव यांत नॉर्थ कॅरोलायनापेक्षा सरस अशी कितीतरी विद्यापीठं होती. त्यांनी मुलींचा संघ काढायला दहा-पंधरा वर्षं लावली, तर तो दोष ज्याने आधी काढला त्याच्या माथी कसा?

मला जास्त खटकतो तो मात्र यामागचा दुजाभाव. जॉन वुडन यांच्या यूसीएलए विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १९६४ ते १९७५ या काळात १० विजेतेपदं जिंकली. त्यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळी २५ किंवा त्याहून कमी संघांच्या स्पर्धेत. वुडन यांना कुणी लंगडी गाय म्हणत नाही. लांब कशाला जायचं? मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला, त्याला आपण खडूस परंपरा म्हणतो आणि छाती फुगवून सांगतो. पुरुषांचं वर्चस्व असलं की ती परंपरा, मुलींचं असलं की समोर कुणी नव्हतं. या वाक्याने डोरन्स यांचं फारसं बिघडत नाही. अपमान होतो तो हरलेल्या आणि जिंकलेल्या, दोन्ही बाजूंच्या मुलींचा.

‘सगळ्या चांगल्या मुली त्यांच्याकडेच’

मिया हॅम, क्रिस्टीन लिली, एप्रिल हाइनरिक्स, पुढे टोबिन हीथ, क्रिस्टल डन. यादी खरी आहे. १९८६ ते १९९४ या काळात डोरन्स राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक असल्याने मुलींना त्यांच्याकडे जाण्याचं आकर्षण होतं, हेही खरं. पण चांगल्या खेळाडू गोळा केल्या की करंडक आपोआप येतो, हे कुठल्या मैदानावर घडतं? इंग्लंडची अलेसिया रुसो त्यांच्या संघात असताना नॉर्थ कॅरोलायना २०१८ आणि २०१९ असे लागोपाठ दोन अंतिम सामने हरली. उलट १९९१ च्या विश्वचषकाकडे पाहा. अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्धचे दोन्ही गोल मिशेल एकर्सचे, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली कॅरिन जेनिंग्ज. दोघींपैकी एकही चॅपल हिलची नव्हती.

खरी गोष्ट सरावात होती. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा सराव पाहताना डोरन्स यांनी एक पद्धत उचलली: सरावात घडणारी प्रत्येक गोष्ट मोजायची. मैदानाच्या कडेला मदतनीस विद्यार्थी वह्या घेऊन उभे. एकास एक झुंजीत कोण जिंकलं, हेडर कुणी मारला, धावण्यात कोण मागे पडलं, सगळं टिपलं जायचं आणि क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावली जायची. कालची विश्वचषक विजेती आज सातव्या क्रमांकावर असेल, तर ते नवख्या पोरीलाही दिसायचं. डोरन्स यांचं निरीक्षण असं की, मैत्रिणीला सरावात मनापासून हरवायला मुली कचरतात, कारण त्यांना लहानपणापासून नाती सांभाळायला शिकवलेलं असतं. आकडे भिंतीवर लागले की जिंकणं हा उद्धटपणा राहत नाही, तो सरावाचा भाग होतो. बाहेर तगडी स्पर्धा नव्हती म्हणता? मग त्या माणसाने ती रोज दुपारी आपल्याच मैदानावर उभी केली. आक्षेप घेणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

‘मुलींना मुलांसारखं रगडलं’

हे तर साफ उलटं आहे. १९७७ ते १९८८ डोरन्स पुरुषांचा संघही सांभाळत होते, म्हणजे अनेक वर्षं दोन्ही संघ एकाच वेळी. त्यातूनच त्यांचं मत बनलं: सरावाची तीव्रता तीच ठेवायची, पण मुलींवर आरडाओरडा करून, धाक दाखवून काही मिळत नाही. प्रशिक्षकाला आपली माणूस म्हणून कदर आहे, हे खेळाडूला कळलं पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंसाठी ते पत्रं लिहायचे आणि मोठ्या सामन्याआधी संघासमोर वाचायचे. त्यात डावपेच नसायचे, ती मुलगी माणूस म्हणून कशी आहे ते असायचं.

मिया हॅमची चिठ्ठी तर प्रसिद्धच आहे. हिवाळ्यातल्या एका सकाळी गाडीने कामावर जाताना डोरन्स यांना ती एकटीच मैदानावर वेगाच्या फेऱ्या मारताना दिसली. मोसम संपलेला, आसपास कुणी नाही, फेरी झाली की गुडघ्यांवर हात टेकून वाकायची, पुन्हा पळायची. त्यांनी गाडी थांबवून शाबासकी दिली नाही. नंतर तिला दोन ओळी लिहून पाठवल्या: कुणी बघत नसताना घामाने निथळत, दमून वाकलेली खेळाडू, हेच विजेत्याचं चित्र.

पण याच जिव्हाळ्याची दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून त्यांची बाजू मांडणं मला पटत नाही. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी लैंगिक छळाचा खटला भरला. संघातल्या मुलींच्या खासगी आयुष्यावर प्रशिक्षकाच्या उपस्थितीत आणि सहभागाने गप्पा चालत, हा त्यातला गाभा. छळाचा आरोप डोरन्स यांनी नाकारला, मात्र तशा बोलण्यात आपला सहभाग होता आणि ते गैर होतं, हे मान्य करून माफी मागितली. एका खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली, दुसरीशी २००८ मध्ये ३,८५,००० डॉलर देऊन. हा आक्षेप खरा आहे, आणि विजेतेपदांच्या संख्येने तो पुसला जात नाही. ज्यांना डोरन्स यांच्यावर टीका करायची आहे, त्यांनी इथे करावी. इथे मी त्यांच्या बचावाला उभी राहणार नाही.

‘२०१२ नंतर संपले’

२०१२ नंतर करंडक नाही, हे बरोबर. पण संपलेला संघ २०१८, २०१९ आणि २०२२ अशा तीन अंतिम फेऱ्या गाठत नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डशी ०-० राहून पेनल्टींवर हार. २०२२ मध्ये यूसीएलएविरुद्ध २-० ची आघाडी होती, २-१ झाली, आणि घड्याळात १६ सेकंद उरले असताना बरोबरीचा गोल बसला. जादा वेळेत सामना हातातून गेला. त्या १६ सेकंदांसाठी कुणाला जोखायचं असेल तर खुशाल जोखा, पण त्याला ‘खरी स्पर्धा आल्यावर उघडे पडले’ म्हणू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये, मोसम तोंडावर असताना, ते निवृत्त झाले. सूत्रं गेली त्यांचे सहायक डेमन नाहास यांच्याकडे, तीही हंगामी म्हणून. डिसेंबरमध्ये केरी इथे झालेल्या अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला १-० ने हरवून नॉर्थ कॅरोलायनाने २२ वं एनसीएए विजेतेपद घेतलं. त्याचं श्रेय नाहास आणि त्या मुलींचं, डोरन्स यांच्या खात्यात ते जात नाही आणि जाऊही नये. मात्र हा सहायक ज्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करून तयार झाला, त्यांना शेवटच्या काळात काही जमत नव्हतं, हे आता कोणत्या तोंडाने म्हणायचं?