‘हवेत टक्कर आता अशक्य’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

पुण्यातल्या लोहगाव विमानतळाच्या एकाच धावपट्टीवरून हवाई दलाची सुखोई लढाऊ विमानेही उडतात आणि प्रवासी विमानेही, त्यामुळे विमाननगर-विश्रांतवाडी भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर विमानांविषयीच्या संदेशांना तोटा नसतो. सध्या फिरणारा संदेश थोडक्यात असा आहे : ‘१९९६च्या चरखी दादरी अपघातानंतर प्रत्येक विमानात टीकॅस (हवेतली टक्कर टाळण्यासाठीची यंत्रणा) बसवले आहे. समोर काहीही आले की संगणक विमान आपोआप वळवतो. टक्कर झालीच, तर वैमानिकाने ती यंत्रणा बंद केली असे समजावे. जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक आता नावापुरते आहेत.’

चरखी दादरीला दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत ३४९ माणसे गेली आणि त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना ही यंत्रणा सक्तीची झाली, हे खरे आहे. ‘प्रत्येक विमानात’ मात्र खरे नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती ५,७०० किलोंहून जड किंवा १९हून अधिक प्रवासी नेणाऱ्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांना लागते.

‘काहीही’ या शब्दात तर मूळचाच गैरसमज आहे. टीकॅस म्हणजे डोळा नव्हे. ते रेडिओवरून प्रश्न विचारते, समोरच्या विमानातला ट्रान्स्पॉन्डर आपल्या उंचीसह उत्तर देतो आणि उत्तराला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. ज्याच्याकडे ट्रान्स्पॉन्डर नाही, तो ग्लायडर, ड्रोन किंवा घार टीकॅसच्या लेखी अस्तित्वातच नसते. १५ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याच विमानतळावर, दिल्लीला निघालेल्या विमानाने वेग घेतल्यावर वैमानिकांना धावपट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान वेळेआधीच उचलले, शेपटाकडचा भाग धावपट्टीला घासला, आणि तरीही ते दिल्लीला सुखरूप उतरले. तिथे उपयोगी पडली ती माणसाची नजर.

‘आपोआप वळवतो’ यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. समोरचे विमान नेमके कोणत्या दिशेला आहे याचा अंदाज या यंत्रणेला ढोबळच येतो, म्हणून ती डावी-उजवीकडे वळायला कधीच सांगत नाही. वर जा किंवा खाली या, एवढाच तिचा सल्ला असतो. दोन्ही विमानांतल्या यंत्रणा परस्परांशी बोलून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. तो सल्ला पाळण्याचे काम बहुतेक विमानांत वैमानिकाच्या हातांचे असते, आणि त्याने सुमारे पाच सेकंदांत प्रतिसाद दिला असे गृहीत धरूनच सारे गणित मांडलेले असते. ए-३८०पासून काही एअरबस विमानांत ऑटोपायलट हे करू शकतो, पण तो अपवाद झाला.

यंत्रणा बंद केल्याचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण दगावले. विमानात ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा इशारा वाजला होता. पुढचा सल्ला आला नाही, कारण जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली तो दिलाच जात नाही, आणि टक्कर झाली तीनशे फुटांच्या आसपास. एवढ्या खाली ‘उतरा’ म्हणणे म्हणजे जमिनीवर आदळायला सांगणे. ब्राझीलमध्ये २००६ साली एका छोट्या जेटचा ट्रान्स्पॉन्डर वैमानिकांच्या नकळत बंद राहिला, आणि समोरून येणाऱ्या बोइंगमधले धडधाकट टीकॅसही त्यामुळे गप्प राहिले. बोइंगमधले सर्व १५४ जण मरण पावले.

राहिले नियंत्रक. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर टुपोलेव्ह प्रवासी विमान आणि मालवाहू बोइंग ३६,००० फुटांवर एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांनी येत होती. एकट्याने काम करणाऱ्या नियंत्रकाने टुपोलेव्हला ‘खाली या’ सांगितले; काही सेकंदांतच तिचे टीकॅस ‘वर जा’ म्हणू लागले. बोइंगला तिच्या टीकॅसने खाली यायला सांगितले होते. टुपोलेव्हच्या वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे. दोघेही उतरत राहिले आणि ७१ जीव गेले. त्यानंतर टीकॅसचा सल्ला नियंत्रकाच्या आदेशाच्या वर, हा नियम निःसंदिग्ध करण्यात आला. संदेश लिहिणाऱ्याला यात आपलेच म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटेल. परंतु हा नियम शेवटच्या पंधरा ते पस्तीस सेकंदांपुरता आहे. त्याआधीची सगळी मिनिटे, कोणाला किती उंची द्यायची आणि कोणाला थांबवायचे हे ठरवण्याची, नियंत्रकाकडेच असतात. लोहगावला हे काम हवाई दलाचे नियंत्रक करतात, आणि सुखोई परतत असताना प्रवासी विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभे ठेवायचे की नाही, हा प्रश्न टीकॅसला कधी पडतच नाही.