बोटीचं नाक

२०१९ च्या महापुरानंतर ‘आपली एक बोट पाहिजे’ हा ठराव आमच्या तालमीत दरवर्षी एकमतानं मंजूर व्हायचा. यंदा बोट खरंच आली. १२ फुटी, फायबरची, सेकंडहँड, मागं १५ हॉर्सपॉवरचं इंजिन. ज्याला इंग्रजी मॅन्युअल वाचता येतं त्यानंच ती चालवायची, असं ठरलं. इंग्रजी शाळेची फी वडिलांनी भरली, भोगतोय मी.

मे महिन्यात राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, असतात, त्यामुळं पंचगंगा घाटाशी पाणी भरपूर आणि शांत. बघ्यांचीही सोय. इंजिनाचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते, हे मला पाठ होतं, माझ्या हाताला नव्हतं. घाटाच्या पायऱ्या चुकवायला गेलो की नेमका पायऱ्यांकडंच!

मग वेग घेतला आणि बोटीचं नाक लेझीम खेळायला लागलं. वर-खाली, धाप, धाप. काठावरून सल्ले सुरू. “प्लग बदल!” “पेट्रोलात भेसळ हाय!” “उद्यमनगरात मिस्त्रीकडं ने, भावा!”

मॅन्युअल सांगत होतं, पिन बघा. इंजिन ज्या क्लॅम्पवर बसतं त्याला भोकांची रांग असते. पिन बाहेरच्या भोकात गेली की नाक उचलतं, आतल्या भोकात आली की दबतं. आमची पार बाहेर होती. मी ती पार आत घातली. कोल्हापुरात मधलं काही नसतं. तांबडा नाहीतर पांढरा, गुलाबी रस्सा कुणी ऐकलाय? आता बोट नाक पाण्यात खुपसून नांगरट करायला लागली. जरा वळवली की नाकावरच गरकन फिरायची. पुढं बसलेल्या खजिनदारांची आंघोळ झाली.

काठावर शिरोळचे दाजी तंबाखू मळत होते. “मागं कोण कोण बसलंय?”

मी, आमचा पैलवान आणि पेट्रोलची भरलेली टाकी.

“उसाच्या ट्रॉलीचं वजन मागनं वडाय लागलं की ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडं जातंय का न्हाई? तसंच हाय की हे!”

सगळ्यांना एका दमात कळलं. मॅन्युअल हातात असलेल्याला सगळ्यात शेवटी.

पैलवान मधल्या फळीवर आला, टाकी पुढं सरकली, पिन मधल्या भोकात. बोट परातीसारखी सपाट पळाली. नाही म्हणायला वळणावर इंजिन बोंबलायचं आणि बोट जागेवरच. आधीच्या मालकानं इंजिनाखाली लाकडाची फळी घातली होती, त्यामुळं पंखा वर राहून हवा खात होता. फळी काढली. बोट उजवीकडं ओढत होती. पंख्याच्या वरचं छोटं पातं सैल करून त्याची मागची कड जराशी उजवीकडं वळवली, तेही मिटलं.

मी विजयी मुद्रेनं काठाला लागलो. पैलवानाच्या जागेवर ऑइलपेंटनं खूण करायचा ठराव तिथंच मंजूर झाला.

दाजींनी तंबाखूची चिमूट ओठात सोडली. “सगळं ब्येस. पण पुरात कुणी म्हस सोडून यायला तयार न्हाई झालं, तर ती कुठं बसवायची?”

मॅन्युअलची अनुक्रमणिका मी दोनदा बघितली.