‘अर्ध्या तासाच्या चित्राचे साडेचार हजार’ या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातील चार दिवसांच्या कलाप्रदर्शनात आपण रविवारी संध्याकाळी माझ्या स्टॉलवर आला होता. अर्ध्या तासात रंगवलेल्या चित्राचे साडेचार हजार रुपये सांगितले, किमतीची पाटी नव्हती आणि विचारल्यावर बाई तुटक बोलल्या, असे लिहून आपण एक तारा दिला आहे. मी तुटक बोलले हे खरे आहे. सकाळी दहापासून उभी असले तरी दारी आलेल्या माणसाशी तसे बोलायला नको होते. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

अर्ध्या तासाविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण आलात तेव्हा मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर अजिंक्यतारा किल्ला रंगवत होते. लोकांनी क्षणभर थांबून पाहावे म्हणून मी रोज संध्याकाळी असे प्रात्यक्षिक करते आणि ती चित्रे ३०० रुपयांना देते. आपण किंमत विचारलीत ते मागच्या पडद्यावरचे, वाईजवळच्या मेणवलीतील नदीघाटाचे ११ बाय १५ इंचांचे चित्र होते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या त्या घाटावर मी या एका चित्रासाठी तीनदा गेले. पहिल्या दिवशी आभाळ भरून आले. दुसऱ्या दिवशी पहिला हात वाळेपर्यंत पायऱ्यांवरची सावली पार सरकली. जलरंगात मी पांढरा रंग वापरत नाही. पायऱ्यांच्या कडांवर आपल्याला जे ऊन दिसले तो कोरा राखलेला कागद आहे, आणि तिथे एकदा रंग ओघळला की ते ऊन परत आणता येत नाही. वसईहून आणलेली मोठी घंटा जिथे टांगली आहे, त्या देवळीच्या आतला अंधार साधताना माझे दोन कागद वाया गेले. आपण पाहिलेला तिसरा.

सुती कागद, माउंट, काच आणि फ्रेम मिळून या चित्राला ११०० रुपये लागले. स्टॉलचे भाडे ८००० आणि टेम्पोचे १२०० रुपये वेगळे. चार दिवसांत माझी तीन मोठी आणि १९ छोटी चित्रे विकली गेली, त्यावर पुढच्या प्रदर्शनापर्यंतचे दिवस काढायचे असतात. आपला अभिप्राय वाचून एखाद्याने स्टॉलकडे पाठ फिरवली, तर ते मला खरोखर परवडणारे नाही.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. किंमत ऐकल्यावर आपण चित्राचा मोबाइलवर फोटो घेतलात आणि सोबतच्या बाईंना म्हणालात, ‘याचीच प्रिंट काढून फ्रेम करून घेऊ.’ मी दोन हातांवर होते, मला ते स्पष्ट ऐकू आले. माझा आवाज चढला तो त्यानंतर. किंमत जास्त वाटणे हा आपला अधिकार आहे आणि त्याचे मला वाईट वाटले नाही, पण त्या वाक्याने हातातला ब्रश थांबला.

किमतीच्या पाट्यांचे आपले म्हणणे रास्त आहे, पुढच्या वेळी त्याची काहीतरी व्यवस्था करीन. मेणवलीचे चित्र अद्याप माझ्याकडेच आहे. विकत घ्यायचे नसले तरी साताऱ्यात घरी येऊन ते दिवसाच्या उजेडात जवळून पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
स्टॉलधारक चित्रकार