तेल आणि सीलचाही विचार हवा
शीतगृहातल्या कन्व्हेयरसाठी (माल वाहून नेणारा पट्टा) गिअरबॉक्स कसा निवडावा, यावरच्या लेखात पट्ट्यावरचा भार, गिअर रेशो (मोटरचा वेग किती पटींनी कमी करायचा ते) आणि सर्व्हिस फॅक्टर (कामाच्या ताणानुसार धरायची जादा क्षमता) यांवरून तो निवडायला सांगितलंय. ते बरोबरच आहे, पण उणे २५ अंशांच्या खोलीत खरी परीक्षा सुरू होताना असते. साधं मिनरल तेल तिथे इतकं घट्ट होतं, की थांबलेला कन्व्हेयर पुन्हा चालू करताना मोटरची बरीच ताकद तेल ढवळण्यातच जाते आणि जादा भारापासून मोटरला वाचवणारा ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन ती बंद पडते. मग लोक मोठी मोटर बसवतात! त्याऐवजी कमी तापमानाचं सिंथेटिक तेल घ्यावं, खाद्यपदार्थ असतील तर एच१ दर्जाचं (अन्नाला चुकून लागलं तरी चालणारं). पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) या प्रकारचं सिंथेटिक तेल मात्र मिनरल तेलात कधीच मिसळू नये.

सीलबद्दल, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांबद्दल, लेखात काहीच नाही. महाग म्हणजे चांगलं, असं समजून व्हायटॉन रबराचे सील मागवणारे भेटतात. व्हायटॉन उष्णतेला उत्तम, पण थंडीत साधा व्हायटॉन नेहमीच्या नायट्राइल रबराच्या आधी कडक होतो आणि तेल झिरपायला लागतं.

वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारा) स्वस्त आणि आटोपशीर, हे मान्य. पण मोठ्या रेशोला त्याची कार्यक्षमता बरीच घसरते, आणि वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. म्हणजे विजेचं बिल दोनदा: एकदा मोटरचं, एकदा ती उष्णता बाहेर काढणाऱ्या कॉम्प्रेसरचं. दिवसभर चालणाऱ्या लाइनला मी तरी हेलिकल-बेव्हलच (तिरप्या दात्यांचे आणि शंकूच्या आकाराचे गिअर असलेला) घेईन.

दाराजवळच्या, गरम-थंड हवा मिसळणाऱ्या जागी ब्रीदरमधून (गिअरबॉक्सचं हवा आत-बाहेर सोडणारं छिद्र) ओलावा आत जातो. तिथलं तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.