लिली सेंट सीर यांना शिक्षा झाली नव्हती

बर्लेस्क म्हणजे रंगमंचावर मादकपणे वस्त्रे उतरवत करायचे नृत्य; त्यातल्या अमेरिकन नर्तिका लिली सेंट सीर यांना १९५१ मध्ये अश्लीलतेबद्दल तुरुंगवास झाला आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. रंगमंचावर मांडलेल्या टबात स्नान करायचे आणि दासीने समोर टॉवेल धरायचा, अशा त्यांच्या गाजलेल्या प्रयोगावरून हॉलिवूडच्या सिरोज नाइटक्लबात त्यांना अटक झाली व खटलाही चालला, एवढे खरे. मात्र नामांकित वकील जेरी गीझलर यांनी त्यांची बाजू मांडली आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. निर्दोष सुटलेल्या स्त्रीला गुन्हेगार म्हणणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. त्यानंतरही त्या अनेक वर्षे नृत्य करीत राहिल्या आणि पुढे स्वतःच्या नावाने अंतर्वस्त्रांचा व्यवसायही त्यांनी चालवला.